प्राधिकरणातला जुना बंगला पाडण्याआधी त्याची नोंद का करायला हवी?

निगडी प्राधिकरण, चिंचवड किंवा पिंपरीच्या जुन्या वसाहतींमधून चक्कर मारली तर एक दृश्य हमखास दिसतं. दोन बैठ्या बंगल्यांच्या मध्ये उंच पत्र्यांचं कुंपण, त्यावर होऊ घातलेल्या इमारतीचं रंगीत चित्र आणि आत खोदलेला खड्डा. तिथे कालपर्यंत कुणाचं तरी घर होतं. पोर्च, झोपाळा, तुळशी वृंदावन आणि कंपाउंडला टेकलेलं आंब्याचं झाड असलेलं.

अशा घराचा फोटो कुणी फेसबुकवर टाकला की खाली दोन प्रकारच्या कमेंट येतात. एक, 'किती सुंदर होतं, पाडायला नको होतं.' दुसरी, 'तुम्ही राहा गळक्या घरात, मग कळेल.' दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे. पण या भांडणात एक तिसरी गोष्ट राहून जाते. घर पाडायचं की ठेवायचं, हा निर्णय कुटुंबाचा आहे. मात्र ते पडण्याआधी त्याची नीट नोंद करता येते. त्याला पैसे फारसे लागत नाहीत आणि पुनर्विकासही अडत नाही. तरीही ती जवळपास कुणीच करत नाही.

ही नोंद म्हणजे काय, ती का महत्त्वाची आहे आणि कायदा याबद्दल काय म्हणतो, हे समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ताच का आला?

पिंपरी-चिंचवड हे वयाने तरुण शहर आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झाली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, आकुर्डीत बजाज आणि पाठोपाठ टेल्को आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. मधल्या काळात, १९७२ साली, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या लोकांना परवडतील अशी घरं आणि भूखंड आखीव वसाहतीत देणं, हा त्यामागचा हेतू होता.

प्राधिकरणाने भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. कंपनीतल्या नोकरीवर कर्ज काढून, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालून लोकांनी तिथे बंगले बांधले. कुणी आधी तळमजला बांधला आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला चढवला.

ती बांधणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मुलं बाणेर-हिंजवडीत किंवा परदेशात आहेत. गुडघे दुखतात आणि जिना चढवत नाही. स्लॅबमधली सळई गंजलेली असते. घराची मालकी तीन-चार वारसांत विभागलेली असते आणि वाटणी करायची तर घराचे तुकडे होत नाहीत, फ्लॅटचे होतात. म्हणून विकसकाचा प्रस्ताव आला की तो बहुतेकांना पटतो.

त्यात नियमांचं गणितही बदललं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार निवासी भूखंडावर मूळ एफएसआय १.१ मिळतो आणि त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र घेता येतं. उदाहरण म्हणून ३,००० चौरस फुटांचा भूखंड घ्या. मूळ एफएसआयचे ३,३०० चौरस फूट आणि पूरक क्षेत्र धरून ही बेरीज ५,२८० चौरस फुटांपर्यंत जाते. रस्ता पुरेसा रुंद असेल तर प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर यांची भर पडते. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटर परिसरात तर याहून जास्त बांधकामाची मुभा आहे, आणि पिंपरीपासून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंतची वाढीव मेट्रो मार्गिका मंजूर झालेली आहे.

म्हणजे एकमजली बंगला आज आर्थिक हिशेबात 'वाया गेलेली जागा' ठरतो. बंगल्याच्या मालकाला दोष देऊन यातलं काहीच बदलणार नाही.

वाडा वारसा, मग बंगला काय?

पिंपरी-चिंचवडमध्ये वारसा म्हटलं की काही ठरलेली नावं येतात. पवनेकाठचं मोरया गोसावींचं समाधी मंदिर, चिंचवडगावातला मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर बंधूंचा वाडा. चाकणला गेलात तर संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेला ज्याने जवळपास दोन महिने झुंजवलं, तो हा भुईकोट.

या सगळ्या जागा महत्त्वाच्या आहेतच. चापेकर वाडा तर घराचा वारसा कसा जपता येतो, याचं शहरातलंच उदाहरण आहे. १८९७ मध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या भावांचं हे घर आज स्मारक आणि संग्रहालय आहे.

पण या यादीतल्या गोष्टी कारखाने येण्याच्या आधीच्या आहेत. आज पिंपरी-चिंचवड ज्या कारणासाठी ओळखलं जातं, तो इतिहास १९५४ नंतरचा आहे. सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण इथून आणि केरळ, पंजाब, बिहारपर्यंतच्या राज्यांतून माणसं इथे आली, कारखान्यात लागली आणि त्यांनी घरं बांधली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाखांच्या वर होती, २०११ मध्ये ती १७ लाखांच्या वर गेली. एवढ्या मोठ्या स्थलांतराचा सगळ्यात ठोस पुरावा कोणता? या माणसांनी बांधलेली घरं. आणि नेमकी तीच वारशाच्या चर्चेत नाहीत, कारण ती 'फक्त' ४०-५० वर्षं जुनी आहेत आणि तिथे कुणी थोर माणूस जन्मलेला नाही.

त्यात नोंदवण्यासारखं असतं तरी काय?

बरंच काही. ऐंशीच्या दशकातल्या बंगल्याची फरशी बघा. बाहेरच्या खोलीत मोझॅक, मागच्या अंगणात शहाबादी, स्वयंपाकघराच्या ओट्याला कडप्पा. आतल्या खोल्यांना साधी फरशी आणि बाहेरच्या खोलीला चांगली, यावरून त्या वेळी पैसे कुठे वाचवले आणि कुठे खर्च केले ते कळतं. खिडक्यांच्या ग्रिलची नक्षी बहुतेक वेळा जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याने स्वतः काढलेली असते. छज्जे खोल असतात, कारण एसी नव्हता आणि ऊन-पाऊस बाहेरच अडवायचा होता.

घराच्या रचनेत कुटुंबाचा हिशेबही वाचता येतो. बाहेरून वेगळा जिना असेल तर वरचा मजला भाड्याने देण्याचा विचार आधीपासून होता. अशा खोल्यांतून कारखान्यांत नव्याने लागलेली मुलं कॉट बेसिसवर राहिली. गेटजवळची छोटी शेड स्कूटरपुरती असेल, तर कार घेण्याची कल्पना तेव्हा दूर होती. देवघराची जागा, मागचं दार, कामवाल्या बाईंसाठी वेगळा नळ, या गोष्टी त्या काळातली माणसं एकमेकांशी कशी वागत होती तेही सांगतात. त्यातलं सगळंच अभिमानाने सांगावं असं नसतं.

घर पाडल्यावर यातलं काय उरतं? सागवानी दारं-खिडक्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, सळई भंगारात जाते आणि बाकीचा राडारोडा डंपरमधून बाहेर पडतो.

कायद्याने अशा घरांना संरक्षण आहे का?

थोडक्यात उत्तर, बहुतेक घरांना नाही.

केंद्र सरकारचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा किमान १०० वर्षं जुन्या वास्तूंसाठी आहे. त्यामुळे तो इथे लागू होत नाही. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ मात्र वयाची अट न घालता विकास आराखड्यात ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या इमारती आणि जागा जपण्याची तरतूद करू देतो. त्याच आधारावर मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली आणि इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी मिळाल्या. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही. तिसऱ्या श्रेणीत बदलाला बराच वाव असतो.

यादीत नाव लागल्याने विकासाचा हक्क कमी झाला, तर त्याची भरपाई वारसा टीडीआरच्या रूपाने देण्याची सोयही नियमांत आहे. म्हणजे न वापरलेलं बांधकाम क्षेत्र दुसरीकडे वापरायला विकता येतं. कागदावर ही चांगली सोय आहे. पण त्यासाठी इमारत आधी यादीत यावी लागते. आणि यादीत येण्यासाठी तिच्याबद्दल कुठेतरी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.

वयाच्या अटीने काय होतं, याचं देशातलं सगळ्यात ठळक उदाहरण दिल्लीतलं आहे. प्रगती मैदानावरची 'हॉल ऑफ नेशन्स' ही वास्तू १९७२ मध्ये पूर्ण झाली होती. वास्तुविशारद राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांचं हे काम जगभर अभ्यासलं जात होतं. पण ६० वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतींचा वारसा म्हणून विचार करायचा नाही, अशी भूमिका तिथल्या वारसा समितीने घेतली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली गेली. ज्या वर्षी ही वास्तू पूर्ण झाली, त्याच वर्षी आपल्याकडे प्राधिकरण स्थापन झालं होतं. तोच ६० वर्षांचा निकष इथे लावला तर ऐंशीच्या दशकातला बंगला २०४० नंतर विचारात येईल. तोवर त्यातले किती उभे असतील?

नोंद केली तर पुनर्विकास अडकेल का?

बहुतेक कुटुंबांच्या मनातली खरी भीती ही आहे. 'उगाच कुणाला बोलावलं, फोटो काढले आणि उद्या हेरिटेजचा शिक्का बसला तर?'

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वारसा यादीत नाव लावणं ही सरकारी प्रक्रिया आहे. त्यात नियोजन प्राधिकरण यादी तयार करतं, ती जाहीर करतं आणि हरकती-सूचना मागवतं. मालकाला तिथे म्हणणं मांडता येतं. याउलट, आपल्या घराची आपण केलेली नोंद ही खासगी गोष्ट आहे. तिने मालकी हक्क, परवानगी किंवा करार यावर काहीच परिणाम होत नाही. लग्नाचा अल्बम काढल्याने जसं कुणी घटस्फोट घेण्यापासून अडवत नाही, तसंच.

उलट नोंदीचा एक व्यवहारी फायदा आहे. ती करताना मंजूर नकाशा, भाडेपट्टा करार, पूर्णत्वाचा दाखला, मालमत्ता पत्रक आणि मिळकतकराची जुनी बिलं एकत्र येतात. पुनर्विकासाच्या वेळी हेच कागद लागतात. २०२१ मध्ये प्राधिकरणाचं विलीनीकरण होऊन त्याचा कारभार पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात विभागला गेला. त्यामुळे जुन्या भूखंडांची कागदपत्रं नीट लावून ठेवणं ही तशीही गरज आहे.

श्रीमंत घरांचं तरी काय झालं?

'पैसा आणि नाव असेल तर घर आपोआप वाचतं', असं वाटत असेल तर मुंबईच्या मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' बंगला आठवा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचं हे घर. जून २०१४ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि त्याला ३७२ कोटी रुपये मिळाले. तो राष्ट्रीय स्मारक व्हावा म्हणून अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली. तरी २०१६ मध्ये बंगला पाडला गेला.

दुसरं उदाहरण वेगळ्या दिशेचं आहे. मुंबईतल्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारती म्हणजे मुळात लोकांची राहती घरं. १९३०-४० च्या दशकातल्या या इमारतींकडे अनेक वर्षं 'जुन्या बिल्डिंगा' म्हणूनच पाहिलं गेलं. रहिवासी, वास्तुविशारद आणि अभ्यासक त्यांच्याबद्दल लिहीत राहिले, एकेका इमारतीची नोंद करत राहिले. २०१८ मध्ये युनेस्कोने हा परिसर, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, जागतिक वारसा म्हणून मान्य केला. आधी नोंद झाली, मान्यता नंतर आली.

आणि नोंदीनंतर घर वाचलंच पाहिजे, असंही नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये, महामंदीच्या काळात, बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम देण्यासाठी सरकारने जुन्या इमारतींची देशव्यापी पाहणी सुरू केली. प्रत्येक इमारतीसाठी तीन गोष्टी केल्या जात. मोजमापांसह नकाशे, छायाचित्रं आणि लेखी इतिहास. त्यातल्या अनेक इमारती आज नाहीत, पण त्यांची नोंद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही बघता येते. त्या यादीत मोठ्या हवेल्यांबरोबर साधी शेतघरंही आहेत.

मग करायचं काय?

हीच त्रिसूत्री आपल्याकडे वापरता येईल. दोन शनिवार-रविवार पुरतील.

मोजमाप. टेप घेऊन प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि कागदावर हाताने नकाशा काढा. दार कुठे, खिडकी कुठे, उत्तर कुठे, हे लिहा. महापालिकेचा किंवा प्राधिकरणाचा मंजूर नकाशा असेल तर तो शेजारी ठेवा. दोन्हीतला फरक म्हणजे घर कसं वाढत गेलं, त्याचा इतिहास. इमारतीचं मोजमाप घेऊन नकाशे काढणं वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकावंच लागतं आणि निगडी-आकुर्डी भागात अशी महाविद्यालयं आहेत. त्यांना विचारून बघा.

छायाचित्रं. सेल्फी आणि सणाचे फोटो भरपूर असतात, रिकाम्या खोलीचा फोटो मात्र नसतो. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून टिपा. मग तपशील घ्या. ग्रिल, कडी-कोयंडा, फरशी, जिन्याचा कठडा, स्विचबोर्ड, नावाची पाटी. घराचा दर्शनी भाग समोरून सरळ उभं राहून घ्या. शेजारची घरं आणि रस्ताही घ्या, कारण बदलतो तो सगळा रस्ता.

माणसांच्या आठवणी. हे सगळ्यात आधी करा, कारण घर आणखी दोन वर्षं थांबेल, आजी-आजोबा थांबतीलच असं नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि 'तुमच्या आठवणी सांगा' असं न विचारता नेमकं विचारा. भूखंड कसा मिळाला? किती रुपये भरले? कर्ज कुठून घेतलं? गवंडी कुठल्या गावचा होता? पाणी कुठून आणायचा? पहिल्या पावसात काय झालं? समोर काय होतं तेव्हा?

कागद. करार, पावत्या, जुनी बिलं स्कॅन करा. गवंड्याच्या हिशेबाची वही सापडली तर ती सोन्यासारखी जपा. सिमेंटची गोणी आणि मजुरीचा त्या वर्षीचा भाव असा दुसरीकडे सहज मिळत नाही.

एक सावधगिरी. सोशल मीडियावर टाकताना घर रिकामं असल्याची माहिती, पूर्ण पत्ता, कुलपांचे जवळून घेतलेले फोटो आणि मालकीचे कागद टाकू नका. घर वारसांत वादात असेल तर सगळ्यांना आधी सांगा. नोंद म्हणजे हक्क सांगणं नव्हे, हे स्पष्ट केलं तर बहुतेक विरोध तिथेच मावळतो.

बंगल्याच्या खालची जमीन कुणाची होती?

बंगल्याची गोष्ट पाया खोदण्यापासून सुरू केली तर ती अर्धवट राहते. प्राधिकरणाच्या आखीव पेठा रिकाम्या माळावर उभ्या राहिल्या नाहीत. त्या निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी, मोशी अशा गावांतल्या शेतकऱ्यांकडून संपादित केलेल्या जमिनींवर उभ्या आहेत. सुरुवातीच्या काळात जमिनी गेलेल्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न तर काही दशकं रेंगाळला. ज्या बंगल्यात एका कुटुंबाने आयुष्यभराची बचत घातली, त्याच जागी दुसऱ्या कुटुंबाची ज्वारी-बाजरी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच नोंदीत यायला हव्यात. जुना सातबारा, शेताचं नाव, विहिरीची जागा हे गावातल्या जुन्या माणसांना विचारता येतं.

चाकणकडे हेच चित्र आज घडताना दिसतं. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या पट्ट्यात कारखाने, गोदामं आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहताना कौलारू घरं, त्यांच्या पडव्या, गोठे आणि कांद्याच्या चाळी मागे सरकल्या. त्या घरांना तर 'बंगला' हा शब्दही मिळाला नाही. वारसा म्हणून फक्त मध्यमवर्गाचं टुमदार घर नोंदवायचं आणि गावठाणातलं घर, कंपनीची कॉलनी, कामगारांची खोली सोडून द्यायची, असं झालं तर शहराचा इतिहास पुन्हा अर्धाच लिहिला जाईल.

ही नोंद ठेवायची कुठे?

पेनड्राइव्ह हरवतो, फोन बदलतो, अकाउंटचा पासवर्ड विसरतो. म्हणून तीन प्रती ठेवा. एक घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आणि एक छापील. निवडक ३०-४० फोटो आणि नकाशा छापून बाईंड करून घेतला तर तो इंटरनेटशिवायही टिकतो. घरच्यांची हरकत नसेल तर एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला किंवा वास्तुकला महाविद्यालयाला द्या.

महापालिकेलाही यात मोठा खर्च न करता बरंच करता येईल. इमारत पाडून नवीन बांधायची परवानगी मागताना जुन्या बांधकामाचे नकाशे आणि ठरावीक फोटो जोडायला सांगायचे आणि मालकाच्या संमतीने ते एका सार्वजनिक संग्रहात ठेवायचे. एवढं केलं तर परवानगीच्या रोजच्या कामातूनच शहराचा दस्तऐवज तयार होत जाईल. शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आरक्षणं, रस्ते आणि पूररेषा यांवर लोक मोठ्या संख्येने बोलले. कुणाची जमीन जाणार, हा प्रश्न असताना ते साहजिकच होतं. पण लोक कसे राहत होते, याची नोंद कोण ठेवणार, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे.

प्रत्येक जुना बंगला वाचणार नाही आणि वाचायलाच हवा असंही नाही. नव्या इमारतीत लिफ्ट असेल, आजींना जिना चढावा लागणार नाही, चार भावंडांना आपापलं घर मिळेल. पण विकसन करारावर सह्या होण्यापासून घर रिकामं करण्यापर्यंत हातात काही महिनेच असतात. सामानाची बांधाबांध सुरू झाली की मोजमाप आणि फोटो मागे पडतात. तुमच्या घरात किंवा गल्लीत असा करार होणार असेल, तर सामान हलवायच्या आधी एक टेप आणि चार्ज केलेला फोन घेऊन एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून या.